नातवाचं समुद्रफूल

वाचकाचं पत्र

ताई, मी नाशिकला राहतो. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नऊ वर्षांचा नातू पुण्याला असतो. त्याच्या हौसेखातर फेब्रुवारीत १२० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला. होळीला तो आला तेव्हा त्याने स्वतः निवडून एक पांढरंशुभ्र, जांभळ्या टोकांचं समुद्रफूल (सी ॲनिमोन, दिसायला फूल पण असतो प्राणी) आणि समुद्रात अशा फुलांत राहणाऱ्या क्लाउनफिश माशांची जोडी आणली. फूल त्याने दगडावर ठेवलं होतं, ते दोन दिवसांत सरकत खाली वाळूत जाऊन बसलं. मासे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गेल्या आठवड्यात ते मलूल वाटलं म्हणून मी एक अख्खी सोललेली कोळंबी भरवली. त्याने ती गिळली, पण दुसऱ्या दिवशी ओकून टाकली, तपकिरी तारेसारखं काहीतरी बाहेर आलं आणि फूल मुठीएवढं आक्रसलं. उन्हाळ्यामुळे दोन आठवड्यांपासून टँकवर पंखा लावलाय. रोज दीडेक लिटर पाणी उडतं, तेवढं मीठ कालवलेलं पाणी मी न चुकता घालतो. दिवा टँकबरोबर आलेलाच आहे. दुकानदाराने ‘फूल कोमेजलं तर टाका’ म्हणून निळ्या औषधाची बाटली दिली आहे, ती अजून उघडलेली नाही. नातू मे महिन्यात येतोय, रोज फोनवर फुलाची चौकशी करतो. ते मरतंय का? त्याला काय सांगू?

उत्तर

काका, नमस्कार.

आधी त्या निळ्या बाटलीचं बघू. ती उघडली नाहीत हे फार चांगलं केलंत. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की जी औषधं देतात त्यांत पुष्कळदा तांबं असतं. मासा तेवढं तांबं मापात सोसतो. समुद्रफूल, झिंगे, खेकडे, गोगलगायी यांना ते मापातही सोसत नाही. शिवाय एकदा पडलं की ते दगडांत आणि वाळूत मुरतं आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं. बाटली परत करून या. टँकमध्ये ओतलं आणि फूल टवटवीत झालं, असं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता मरतंय का, याबद्दल. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही, पण खात्री तुम्हालाच करून घ्यावी लागेल. त्यासाठी तीन गोष्टी बघा. त्याचा पाय, म्हणजे खालची चकती, काचेला किंवा दगडाला धरून आहे का? तोंड मिटलेलं किंवा जेमतेम उघडं आहे, की फाटल्यासारखं आ वासून पडलंय? आणि हातात रबरी मोजा घालून फुलाच्या एका बोटाला, म्हणजे त्याच्या स्पर्शिकेला, हलकेच स्पर्श केला तर ते मोज्याला चिकटतं का? पायाची पकड आहे, तोंड मिटलेलं आहे आणि बोट चिकटतंय, तर फूल जिवंत आहे आणि झगडतंय. याउलट ते सुटून लाटेबरोबर लोळायला लागलं, अंग चिंध्यांसारखं सुटायला लागलं आणि पाण्याला कुजक्या मासळीचा वास आला, तर एक तासही थांबू नका. पाण्यातच मोठ्या डब्यात घेऊन बाहेर काढा आणि तीस-चाळीस लिटर पाणी बदला, कारण मेलेलं समुद्रफूल एका रात्रीत सगळा टँक नासवतं.

नुसतं आक्रसण्याने मात्र घाबरू नका. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी गेलात तर कपारींमध्ये ओलसर, तपकिरी, बटणासारखे गोळे चिकटलेले दिसतात. माहीत नसलेला माणूस त्यांच्यावर पाय देऊन पुढे जाईल. तीच ती समुद्रफुलं. पाणी गेलं की अंग मिटून घेतात, भरतीचं पाणी वर आलं की पुन्हा उमलतात. त्यांना हाडं नाहीत, अंगात पाणी भरून घेऊन ती फुगतात. आत यायला आणि बाहेर जायला एकच वाट, तोंड. त्यामुळे आतलं शिळं पाणी आणि मळ टाकायचा झाला की फूल सगळं अंग पिळून काढल्यासारखं लहान होतं, त्याच तोंडातून तपकिरी चिकट तार बाहेर येते, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ते ताज्या पाण्याने परत भरून येतं. माझ्याकडचं फूलही असं अधूनमधून करतं. चिंता करायची ती हे आक्रसणं दोन-तीन दिवस उलगडलं नाही तर.

तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. ‘तेवढं मीठ कालवलेलं पाणी मी न चुकता घालतो.’

काका, टँकमधून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ सगळं मागे राहतं. त्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करायची असते. तुम्ही रोज दीड लिटर खारं पाणी घातलंत म्हणजे रोज साधारण पन्नास ग्रॅम जास्तीचं मीठ टँकमध्ये गेलं. दोन आठवडे हे चाललंय. समुद्राच्या पाण्यात एका किलोला ३५ ग्रॅम क्षार असतात, तुमच्या टँकमध्ये आता ते ४० च्या आसपास पोहोचले असावेत. मासा हे काही दिवस चालवून घेतो. समुद्रफुलाला पाण्यापासून वेगळं ठेवणारी कातडी अशी फारशी नसतेच, बाहेरच्या पाण्यात जे घडतं ते त्याच्या आतही घडतं. तुमच्या मनात काही पाप नव्हतं, उलट नियम पाळत होतात. ही चूक खाऱ्या पाण्याच्या छंदात नव्याने येणारी पुष्कळ माणसं करतात, कारण ‘समुद्राच्या टँकला समुद्राचं पाणी’ हे कानाला अगदी बरोबर वाटतं.

आजच क्षारता मोजा. टँकबरोबर मिळतो तो काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर त्याच्यावर विसंबू नका, त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून जाणाऱ्या उजेडावरून क्षारता दाखवणारं उपकरण, घ्या आणि ३५ आकड्याचं जे तयार द्रावण मिळतं त्याने तो आधी जुळवून घ्या. मग आकडा खरोखर ४० च्या आसपास निघाला तर तो एका दिवसात खाली आणण्याचा मोह टाळा. रोज टँकमधलं पाच लिटर पाणी काढायचं आणि पाच लिटर गोडं शुद्ध पाणी सावकाश घालायचं. १२० लिटरमध्ये याने आकडा रोज दीडेक अंशाने उतरतो. तीन-चार दिवसांत ३५ वर याल. रोज सकाळी मोजा, वहीत लिहा. पुढे उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं शुद्ध पाणी. टँकच्या काचेवर पाण्याच्या पातळीची एक खूण करून ठेवलीत की किती घालायचं ते डोळ्यांनाच कळेल.

‘गोडं’ म्हणजे नळाचं मात्र नव्हे. त्यात क्लोरीन असतं, जुन्या नळजोडणीतलं तांबं असू शकतं. घरच्या पिण्याच्या आरओमधलं पाणीही जसंच्या तसं चालणार नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार परत मिसळलेले असतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घेऊन बघा. आकडा पन्नास-साठ आला तर आरओनंतर डीआयची, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारी, एक नळकांडी जोडून घ्या, आकडा शून्यावर आणा. पाणी बदलण्यासाठी मीठ कालवता तेव्हाही हेच पाणी वापरा, वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून रात्रभर फिरवलेलं. मीठ थेट टँकमध्ये कधीही टाकू नका, खडा फुलावर पडला तर तिथे भाजल्यासारखी जखम होते.

आता त्या पांढऱ्या रंगाबद्दल. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुमच्या नातवाने दुकानातलं सगळ्यांत सुंदर दिसणारं फूल निवडलं.

वर्णनावरून हे बाजारात ‘सेबी’ म्हणून विकलं जाणारं फूल दिसतं, शास्त्रीय नाव हेटरॅक्टिस क्रिस्पा. निरोगी सेबी पांढरंशुभ्र नसतं. ते बदामी, तपकिरी किंवा हिरवट झाक असलेलं असतं, टोकं तेवढी जांभळी. हा तपकिरी रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. ते शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा फुलाला देतं. पकडताना, साठवणीच्या अंधाऱ्या टाक्यांमध्ये, प्रवासाच्या पिशवीत तापून किंवा गारठून फुलाला धक्का बसला की हे शैवाल निघून जातं. मग उरतं ते दुधासारखं पांढरं, नाजूक दिसणारं, आणि आतून उपाशी फूल. घरातली धान्याची कोठी रिकामी झालेली असते आणि बाहेरून घर नुकतं रंगवल्यासारखं दिसतं. पिवळंजर्द किंवा गर्द गुलाबी फूल दिसलं तर त्यातही सावध राहा, पांढरी पडलेली फुलं रंगवून विकली जातात. हे ज्या दुकानांत चालतं तिथे गिऱ्हाइकाने विचारलंच पाहिजे. रंग विचारा, किती दिवसांपूर्वी आलंय विचारा, तुमच्यासमोर खायला घालून दाखवायला सांगा. आणि पाय बघा, तो फाटलेला असेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

पांढरं पडलेलं फूल सावरतं. मी सावरलेली पाहिली आहेत. पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही. सुरुवातीला नुसता मळकट पिवळसरपणा येतो, देठाच्या बाजूने. तो दिसला की समजा, शैवाल परत वस्तीला आलं.

त्याला उजेड लागतो, आणि टँकबरोबर आलेली पट्टी मासे दिसावेत एवढ्यापुरतीच असते. रीफ टँकसाठीचा, म्हणजे प्रवाळ ठेवतात तशा टँकसाठीचा, निळा-पांढरा एलईडी दिवा घ्यावा लागेल. हा खर्च टाळण्याची वाट मला माहीत नाही, असती तर सांगितली असती. फक्त आणल्या आणल्या तो पूर्ण तेजावर लावू नका. शैवाल नसलेलं अंग अंधारातून एकदम कडक उन्हात आलेल्या माणसासारखं असतं. पहिला आठवडा कमी तेजावर पाच-सहा तास, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत महिना-दीड महिन्याने आठ-नऊ तासांवर या. कुणाकडे पीएआर मीटर (शैवालाच्या उपयोगाचा उजेड मोजणारा) मागून मिळाला तर फुलाच्या जागी सुरुवातीला शंभरच्या आसपास आकडा ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत दोनशेच्या पुढे न्या.

उजेडाची कोठी भरेपर्यंत तोंडाने भरवायचं, आणि इथे तुम्ही प्रेमाने जरा जास्तच वाढलंत. एवढ्या अशक्त जिवाला अख्खी कोळंबी पचत नाही. ती आतच कुजायला लागते आणि दुसऱ्या दिवशी बाहेर येते, तेच झालं. आता आठ दिवस काहीही भरवू नका, क्षारता जागेवर येऊ दे. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, चणाडाळीएवढा तुकडा. कोळंबीचा किंवा एखाद्या समुद्री माशाचा, कच्चा, मीठ-हळद न लागलेला, धुतलेला. गोठवलेल्या कोळंबीच्या पाकिटावर फॉस्फेटचा उल्लेख असेल तर ती नको. बाजारातून जवळा ताजा मिळाला तर उत्तम, तो चिरावाही लागत नाही. भरवल्यावर चोवीस तासांत बाहेर आला तर पुढच्या वेळी तुकडा आणखी निम्मा करा.

दगडावरून ते खाली वाळूत गेलं, यात तुमचं काहीच चुकलं नाही. सेबीला वाळूच आवडते. देठ वाळूत पुरून पाय खालच्या काचेला नाहीतर दगडाच्या बुडाला चिकटवायचा आणि वरचं ताट तेवढं वाळूवर पसरायचं, अशी त्याची रीत. त्याने आपल्याला हवी ती जागा शोधली आहे. तिथून उचलून परत दगडावर ठेवू नका, शोभा बिघडली तरी चालेल. घट्ट बसलेला पाय ओढून काढताना फाटतो आणि फाटलेल्या पायाचं फूल क्वचितच वाचतं. वाळू दोन-तीन इंचांपेक्षा कमी असेल तर त्याच्याभोवती हाताने हळूच थोडी वाढवा.

मात्र पाय हलू शकतो म्हणजे धोकाही हलू शकतो. माझ्या घरी, ठाण्याला, पहिलं समुद्रफूल मी असंच गमावलं. चार महिने ते एका जागी सुखाने बसलं होतं. एके रात्री काय बिनसलं कोण जाणे, चालत काचेवरून वर गेलं आणि वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या, जाळीत ओढलं गेलं. सकाळी सहाला चहा ठेवायला उठले तर टँक ताकासारखा पांढरा झाला होता, पलीकडचा दगड दिसेना. पंप गुरगुरत होता आणि फुलाचे तुकडे पाण्यात फिरत होते. दुपारपर्यंत दोन मासेही गेले. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही, बादल्या भरत राहिले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पंपाच्या तोंडावर जाड स्पंजची टोपी असते, दर रविवारी काढून धुते. आज बाकी काही जमलं नाही तरी एवढं मात्र करा. स्पंज, प्लास्टिकची पट्टी, दहा मिनिटांचं काम आहे. पुढे नाशिकच्या थंडीत हीटर लावाल तेव्हा त्यालाही जाळीचं आवरण हवं, तापलेल्या नळीला चिकटलेलं फूल सुटून येत नाही.

पंखा लावलात ते योग्यच. नाशिकच्या कोरड्या हवेत नुसत्या पंख्याने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, आमच्याकडच्या दमट हवेत तेवढं सुख नाही, म्हणून मला पाणी गार करणारा चिलर घ्यावा लागला. २६-२७ अंश सेल्सिअस धरून चला. दुपारी ३० आणि पहाटे २५ अशी चढउतार होत असेल तर पंखा टायमरवर लावा. बर्फाच्या बाटल्या सोडू नका, त्याने दर दोन तासांनी तापमान झोके खातं. आणि वीज गेली तर पाणी हलतं राहावं म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा एक छोटा पंप घरात असू द्या.

मासे ढुंकून बघत नाहीत, याचं मला तर बरंच वाटलं. दुकानात मिळणारे क्लाउनफिश आता पुष्कळदा टाक्यांतच जन्मलेले असतात, अशांनी समुद्रफूल कधी पाहिलेलंही नसतं. त्यातून साधा नारिंगी-पांढरा ओसेलारिस असेल तर समुद्रात तो सेबीकडे राहतही नाही, त्याची घरं वेगळ्या जातींची. टँकमध्ये कधी आठवड्याने जातो, कधी वर्षाने, कधी जातच नाही, आणि फुलावाचून त्याचं काहीही अडत नाही. आत्ताच जोडी फुलात शिरली असती तर दिवसभर अंग घासून, ढोसून त्या अशक्त जिवाला उमलू दिलं नसतं. जोडीने फुलाकडे वळायचं मनावर घेतलं आणि ते तेव्हाही मलूलच असेल, तर मध्ये एखादी भोकं पाडलेली प्लास्टिकची टोपली उपडी घालून त्याला थोडी उसंत द्या.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. महिना-सव्वा महिन्याच्या टँकमध्ये समुद्रफूल ठेवायला नको होतं, आणि हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या मळातून होणारी विषं शून्यावर आली म्हणजे मासे ठेवण्यापुरता तो तयार झाला. फुलासाठी त्याहून जास्त मुरावं लागतं, निदान सहा महिने, खरं म्हणजे वर्ष. लोणचं घातल्या दिवशी खाता येत नाही, तसं. नव्या टँकमध्ये पाण्याचे आकडे आठवड्याला बदलतात, आणि समुद्रफुलाला आकडा कोणता यापेक्षा तो काल होता तोच आज आहे का, हे जास्त लागतं. एरवी मी सांगितलं असतं की कुणा जुन्या टँकवाल्याकडे ते ठेवायला द्या. पण त्याने पाय रोवला असेल तर या अवस्थेत पुन्हा उपटून, पिशवीत घालून, दुसऱ्या पाण्यात नेणं मला जास्त धोक्याचं वाटतं. राहू दे तुमच्याकडेच. दर आठवड्याला बारा लिटर पाणी बदला, अमोनिया दर तीन दिवसांनी तपासा, आणि नवा एकही जीव सहा महिने आणू नका. हात शक्य तितका कमी वेळा पाण्यात घाला.

आता नातवाचं. त्याला खरं सांगा. ‘तू आणलंस तेव्हाच ते आजारी होतं, आपल्याला कळलं नाही. आता आजोबा त्याला औषधावाचून बरं करायचा प्रयत्न करतायत, कदाचित ते जगेल, कदाचित नाही.’ नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याला न कळवता दुसरं फूल आणून त्या जागी ठेवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. त्यापेक्षा त्याला काम द्या. रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच कोनातून एक फोटो तुम्ही पाठवा आणि त्याने तिकडे वहीत तारीख घालून लिहायचं, आज तोंड मिटलेलं आहे का, बोटं किती लांब आहेत, रंगात काही फरक आहे का. रंग वळायला लागला तर तो तुमच्याआधी त्याला दिसेल, रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही, वहीतल्या नोंदींत मात्र दिसतो.

आणि एक गोष्ट त्याला रात्री झोपताना फोनवर सांगा, खरी आहे. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डालियल नावाचे एक निसर्गअभ्यासक होते. त्यांनी १८२८ मध्ये समुद्रकाठच्या एका खडकावरून एक लालसर समुद्रफूल आणलं आणि एडिंबरात घरी काचेच्या बरणीत ठेवलं. समुद्राचं पाणी नेमाने बदलायचे, अधूनमधून शिंपल्यातलं थोडंसं मांस भरवायचे. १८५१ मध्ये डालियल गेले. फूल मात्र जिवंत होतं. मग ते त्यांच्या ओळखीतल्या एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे गेलं, त्याला सगळे ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणायचे, आणि १८८७ मध्ये ती आजी वारली तेव्हा वर्तमानपत्रात तिच्या निधनाची बातमी छापून आली. बरणीत एकोणसाठ वर्षं! तिच्या जातीच्या अंगात शैवाल नसतं, म्हणून तिला दिव्याची गरज पडली नाही. तुमच्याला पडेल, हे त्याला समजावून सांगा, म्हणजे नवा दिवा कशाला आणला तेही कळेल.

मेमध्ये तो आला आणि मुंबईला येणं झालं तर ओहोटीची वेळ बघून त्याला हाजी अली किंवा गिरगावच्या खडकांवर घेऊन जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाचे लोक किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर गेलात तर पायाखाली काय आहे ते नीट दाखवतात. फक्त तिथून काही उचलून आणायचं नाही. प्रवाळांना तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, मेलेल्या प्रवाळाचा दगडही घरी आणू नये. त्याला तिथली तपकिरी फुलं दाखवा आणि विचारा, आपल्या फुलाचा रंग असा व्हायला अजून किती उरलंय.

फूल तोवर तगलं, तर भरवायचं काम त्याला करू द्या. पंप बंद करायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचं. लांब प्लास्टिकच्या चिमट्यात चणाडाळीएवढा तुकडा धरून तोंडापासून थोडं बाजूला, बोटांवर सोडायचा. तोंडात कोंबायचा नाही. आधी एक बोट चिकटेल, मग शेजारची दोन-तीन वळतील, आणि हात मिटावा तशी ती बोटं तुकडा धरून सावकाश आतल्या बाजूला झुकतील. मधला पांढरा ओठ थोडा वर येईल. या सगळ्याला पाच मिनिटंही लागतात, तेवढा वेळ त्याने काचेवर टकटक करायची नाही. तुकडा आत गेला की त्याने वहीत वेळ लिहावी. आणि पंप पुन्हा सुरू करायची आठवण, काका, तुम्ही ठेवा.